दम

घाट म्हणायची सोय नाही याला.
मावसभावाला फोटो पाठवला तर म्हणाला,
हा तर गतिरोधक.
तेराशे मीटर, सलग सहा टक्के,
स्ट्राउडच्या कालव्यापासून वर माळापर्यंत,
जिथे मे महिन्यात गाई मोकळ्या सोडतात
आणि गोल्फ खेळणारे त्यांना वळसा घालून जातात.

ना वळण, ना घोटभर सपाटी.
खडा चढ निदान शिवी देऊ देतो,
उतरून सायकल ढकलली तरी कुणी हसत नाही.
हा मात्र एखाद्या मवाळ सावकारासारखा,
आवाज न चढवता
सगळं काढून घेतो.

दर गुरुवारी, दुकान उघडायच्या आधी.
औषधांच्या काउंटरमागे दिवसभर मोजते मी:
अठ्ठावीस, अठ्ठावीस, छप्पन्न.
इथेही मोजते.
लाल पोस्टाच्या पेटीपर्यंत श्वास नाकाने,
बंद चॅपलपासून तोंडाने,
हिरव्या फाटकानंतर आकडे आपोआप गळतात
आणि मराठी सुरू होते.
मराठी म्हणजे एकच शब्द, पुन्हा पुन्हा:
दम.
वडील द्यायचे तो.
आई 'जरा काढ' म्हणायची तो.
आत्याला थंडीत लागायचा तो, गरम पाण्याच्या पिशवीसकट.
आणि लग्नाच्या पंगतीत बटाट्याला दिलेला.
परदेशात येऊन वीस वर्षं झाली,
सगळे एकाच छातीत भरलेले सापडले
या टेकाडावर.

ग्लेनिस प्रॉबर्ट. वय बहात्तर.
शाळेत मुलांना लाकूडकाम शिकवायची.
तिची निळी स्टीलची सायकल तिच्याहून थोडीच लहान.
तीन वर्षं दर गुरुवारी चॅपलपाशी
तिने मला मागे टाकलं,
आणि दर वेळी तेच:
वरती बघू नकोस, पोरी. पुढचा डबा बघ.
गुरुवारी कचऱ्याची गाडी येते,
घराघरापुढे डबे उभे असतात,
काळा, हिरवा, काळा.
मी डब्याडब्याने वर जायला शिकले.

मागच्या आठवड्यात
ओल्या पानांवरून चाक जपत मान उचलली
तर तिचं पिवळं जाकीट पुढे,
आणि ते मोठं होत होतं.
माझा काही विचार नव्हता. पाय चालले होते.
मग तिचा श्वास ऐकू आला.
तीन वर्षांत पहिल्यांदा.
फाटक्या भात्याचा, मध्येच अडकणारा.
माझं पुढचं चाक तिच्या मागच्या चाकाला लागलं असतं
इतकं जवळ,
आणि मी पाय सोडवला, भिंतीला टेकले,
मोठ्याने म्हटलं, साखळी.
पुरावा म्हणून दोन बोटं वंगणात घातली.

वर बाकावर ती ओटचा केक सोडत बसली होती.
एक गाय कागदाकडे बघत होती.
ठीक होती साखळी तुझी, ग्लेनिस म्हणाली.
मी काही बोलले नाही.
मॉरिसला मी ओलांडलं ते सत्त्याऐंशी साली.
आठवडाभर बोलला नाही नवरा.
मग बोलला. न बोलून जातो कुठे?
तिने अर्धा केक पुढे केला.
माझी काळी बोटं तिने पाहिली;
रुमाल तिच्या खिशात होता, दिला नाही.

आज पुन्हा गुरुवार.
काळा, हिरवा, काळा.
चॅपल गेलं. पिवळं जाकीट पुढे,
कालच्या पावसाने रस्ता काळाभोर,
कुणाच्या तरी धुराड्यातून लाकडाचा वास.
हिरव्या फाटकापाशी मी बाहेरची बाजू घेते.
ओरडायचं असतं अशा वेळी,
उजवीकडून येतेय म्हणून.
तोंडातून निघतं नुसतं
उज

आणि पुढे काहीच नाही.
बाजूने जाताना ऐकू येतं,
ती हसतेय.
तेवढा आहे अजून तिच्यात.